तुटक्या दगडी हत्याराचं उरलेलं अर्धं कसं ओळखायचं

लोक माझ्याकडे दगड घेऊन येतात, ते बहुतेक तुटकेच असतात. त्यात नवल नाही. अख्खी दगडी हातकुऱ्हाड नदीच्या पात्रात उघडी पडली असेल तर ती कुणाच्याही नजरेत भरते आणि तुमच्या-माझ्या आधी कुणीतरी उचललेली असते. मागे राहतात ते शेंडे, बुडं आणि मधले तुकडे. ते मग मिठाईच्या डब्यात, दुधाच्या धुतलेल्या पिशवीत, एकदा तर लग्नातल्या आहेराच्या बटव्यातून माझ्या टेबलावर येतात आणि प्रश्न ठरलेला असतो: "ताई, हे बाणाचं टोक आहे ना?"

बहुतेक वेळा नसतं. इंटरनेटवर दिसणारी, खाली देठ आणि दोन्ही बाजूंना खाचा असलेली ती देखणी बाणाग्रं बरीचशी अमेरिकेतली असतात. दख्खनमध्ये तसली घडण शोधू नका. आपल्याकडच्या मध्याश्मयुगातल्या माणसाने वापरली ती सूक्ष्मास्त्रं, बहुतेक तीन सेंटिमीटरच्या आतली. लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत ओळीने बसवून चिकट पदार्थाने पक्की केलेली. एकटं सूक्ष्मास्त्र म्हणजे मोठ्या अवजाराचा एक दात. तो दातही अर्धा मोडलेला मिळतो, म्हणून ओळख पटवणं अवघड जातं.

मी दगडी हत्यारांची रेखाटनं करते. उत्खननात किंवा सर्वेक्षणात मिळालेली हत्यारं अहवालात छापताना नुसत्या फोटोवर भागत नाही; कुठला टवका आधी निघाला, कुठला नंतर, घाव कुठून बसला हे शाईच्या रेषांनी दाखवावं लागतं. आमच्या कामात एक रीत आहे. हत्यार तुटलेलं असेल तर उरलेला भाग सलग रेषेने काढायचा आणि गेलेला भाग तुटक रेषेने पुरा करायचा. ही तुटक रेषा किती लांब ओढायची, यावरून काढणाऱ्याची पारख होते. तुकडा ओळखणं म्हणजे तरी दुसरं काय? हातातल्या दगडात पुरावा आहे तेवढीच तुटक रेषा ओढायची, पुढे नाही. खाली लिहिलंय ते सगळं त्या रेषेसाठी.

माझं सासर प्रवरेकाठचं, त्यामुळे उदाहरणं तिकडची जास्त येतील. ते बरंही आहे, कारण या पट्ट्यात जवळजवळ सगळे काळ एकावर एक सापडतात. नेवाशाला पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलियांनी 1954 ते 1956 या काळात उत्खनन केलं, जवळच चिर्की नाल्याला गुड्रुन कॉर्व्हिनस यांनी 1960च्या दशकात केलं. तिथल्या जुन्या हातकुऱ्हाडी आणि फरश्या (टोकाऐवजी आडवी, रुंद धार असलेली हत्यारं) काळ्या पाषाणाच्या, म्हणजे बेसॉल्ट आणि डोलेराइटच्या. त्यानंतरच्या थरांत चर्ट, जॅस्परसारख्या गुळगुळीत दगडांच्या तासण्या येतात. आणि ताम्रपाषाणयुगात, म्हणजे दगडासोबत तांबंही वापरात होतं त्या काळात, जोर्वे, दायमाबाद आणि जरा लांब, घोड नदीकाठच्या इनामगावला, कॅल्सेडनी या अर्धपारदर्शक गारेच्या पात्यांचा नुसता सडा. दगड कुठला आहे हे पाहिलं की अर्धा अंदाज येतो. फक्त अंदाज, हे लक्षात ठेवा.

माणसाने फोडलाय का, हे आधी

तुकडा कशाचा हे विचारण्याआधी तो मुळात हत्याराचा आहे का, ते बघायचं. एकजीव, कठीण दगडाच्या कडेवर नेमका घाव बसला की छिलका निघतो. त्याच्या आतल्या, गुळगुळीत बाजूला मी पोट म्हणते आणि बाहेरच्या बाजूला पाठ. घाव बसला तिथे एक छोटा सपाट माथा राहतो. माथ्याच्या लगेच खाली, पोटावर, एक फुगवटा येतो. अंगठा फिरवला की कळतो. फुगवट्यापासून लहरी पसरत जातात. पाठीवर आधी निघालेल्या छिलक्यांच्या खुणा असतात, त्यांच्यामध्ये उंच धारा उभ्या राहतात.

कॅल्सेडनीवर हे सगळं स्वच्छ दिसतं. बेसॉल्टवर दिसेलच असं नाही. दगड भरड असेल, वर झिजेचा थर चढला असेल तर फुगवटा आणि लहरी पार पुसल्या जातात. तिथे एकेका खुणेचा नाद सोडा आणि कड बघा. एका कडेला, एकाच बाजूने, ओळीने टवके निघालेत का? मग दगड उलटा करा: दुसऱ्या अंगालाही त्याच कडेवरून निघालेत का? एक टवका नदीसुद्धा काढते. दोन्ही अंगांनी सलग ओळ निघायला हात लागतो.

बेसॉल्टची आणखी एक फसगत म्हणजे त्याची नैसर्गिक झीज. मोठा धोंडा कांद्यासारखा पापुद्र्या-पापुद्र्याने सुटतो आणि त्यातला एखादा वाकडा पापुद्रा हुबेहूब छिलक्यासारखा दिसतो. त्याला माथा नसतो, फुगवटा नसतो आणि दोन्ही बाजू सारख्याच खरबरीत असतात. तो टाकून द्या.

आता आपल्या शिवारातले खास फसवे दगड. पहिला नंबर खडीचा. रस्त्याच्या कडेला पूर्वी बायका-माणसं घणाने खडी फोडायची, आता क्रशर फोडतो. दोन्हीतून माथा-फुगवट्यासकट अस्सल छिलके निघतात. ओळखायचं ते असं, की सगळ्या बाजू सारख्याच ताज्या असतात, टवके वाटेल त्या दिशेने निघालेले असतात आणि घाव बसलेल्या जागी दगडाचा पांढुरका भुगा झालेला असतो. दुसरा, विहिरीच्या सुरुंगातून निघालेला दगड. विहिरीच्या मलब्याचा ढीग जिथे असेल तिथून उचललेल्या काळ्या तुकड्यावर मी फार वेळ घालवत नाही. तिसरा जरा गमतीचा: चकमकीची गार. आगपेटी परवडत नव्हती किंवा पावसात चालत नव्हती त्या काळात मेंढपाळ आणि विडी ओढणारे म्हातारे कनवटीला गारगोटी, पोलादाचा तुकडा आणि कापूस बाळगायचे. ती गारगोटी हातात मावेल एवढी असते, मुद्दाम फोडलेलीच असते, त्यामुळे छिलक्याच्या सगळ्या खुणा तिच्यावर दिसतात. पण कडा पोलादावर आपटून आपटून ठेचलेल्या असतात, आणि भिंगाखाली तिथे गंजाचे तांबूस फराटे सापडतात. बाईमाणसांनी आणलेल्या दगडांत चौथा प्रकार असतो, पाट्या-वरवंट्याचे आणि जात्याचे तुकडे. टाकी लावल्याच्या खाचा दिसल्या की तो घरगुती माल समजा. त्यातलाही फार जुना असू शकतो, पण त्याची ओळख वेगळ्या वाटेने पटवावी लागते.

वर कुठलं, खाली कुठलं

छिलका किंवा पातं (लांबट, समांतर कडांचा छिलका) कागदावर काढताना घावाची बाजू नेहमी एकीकडे ठेवतात. मी माथा खाली ठेवते. माथा असलेला तुकडा म्हणजे बुडाचा, टोक असलेला शेंड्याचा, दोन्ही नसतील तर मधला. मधला तुकडा उभा कसा धरायचा? लोक इथे अडतात, पण उपाय सोपा आहे. टॉर्च एका बाजूने, जवळजवळ आडवी धरून पोटावर उजेड टाका. लहरी दिसतील. त्या वाकलेल्या असतात आणि त्यांची आतली, पोकळ बाजू घावाच्या दिशेला असते. म्हणजे घावाचा माथा तुकड्यात नसला तरी तो कुठल्या अंगाला होता हे कळतं. लहरी अगदीच पुसट असतील तर पोटावर कडेपासून आत जाणाऱ्या केसाएवढ्या चिरा बघा. त्या घावाच्या जागेपासून बाहेर फाकत जातात.

यासाठी सोनाराचं दहापट भिंग पुरतं. मोबाइलचा कॅमेरा मोठा करून बघू नका, तो कडा आपल्या मनाने धारदार करतो.

कधी तुटलं आणि कशाने

लोक तुटक्या बाजूकडे सगळ्यात कमी बघतात. त्यांना ती दोषाची जागा वाटते, फोटो काढतानाही ती पाठीमागे लपवतात. माझ्या दृष्टीने त्या दगडावरची सर्वांत बोलकी जागा तीच.

आधी रंग बघा. दगडावर काळाने चढलेला थर असतो. बेसॉल्टवर तपकिरी-पिवळट किंवा राखी, कॅल्सेडनीवर दुधी पांढरा. तुटक्या बाजूवर तसाच थर असेल तर तूट जुनी. थर नसेल, आतला काळाभोर बेसॉल्ट उघडा पडला असेल तर तूट ताजी, आणि उरलेला तुकडा त्याच शेतात असण्याची बरीच शक्यता. ताज्या तुटीवर लोखंडाचा करडा किंवा तांबूस ओरखडा सापडला तर नांगर, रोटाव्हेटर किंवा जेसीबी. कधी कधी मधलाच प्रकार असतो: तुटक्या बाजूवर थर आहे, पण बाकी हत्यारापेक्षा पातळ आहे. म्हणजे हत्यार घडल्यावर बराच काळ पडून राहिलं, आणि केव्हातरी पुढे, पण जुन्या काळातच, तुटलं. असे दुहेरी थराचे तुकडे मला अख्ख्यांपेक्षा आवडतात.

थराच्या जाडीवरून वय काढू नका. एकाच नाल्यातल्या दोन हत्यारांवर माती, ओल, ऊन यांमुळे वेगवेगळा थर चढतो. थरातून क्रम कळतो, वर्षं नाहीत.

नदीच्या जुन्या गोट्यांच्या थरातून आलेल्या हत्यारांवर चुनखडीचं पांढरं किटण असतं. ते खरवडून काढायचा मोह होतो. लिंबू, व्हिनेगर, फरशी धुवायचं अॅसिड, सगळे उपाय लोक करून येतात. करू नका. चुनखडी तुटक्या बाजूवरून सलग गेली असेल तर हत्यार गाडलं जाण्याआधीच तुटलेलं होतं, याचा तोच पुरावा. किटण गेलं की पुरावा गेला.

आता तुटीचा आकार. साधी मोडलेली बाजू सपाट, पाठ-पोटाला जवळजवळ काटकोनात असते, आणि तिच्या एका कडेला बारीक ओठ येतो. तो नखाला लागतो. अशी तूट वाकवल्याने होते. पण वाकवलं कुणी? माणसाने मुद्दाम मोडलं, खाचेत बसवलेलं वापरताना मोडलं, की वरून म्हैस चालली? एकट्या तुटीवरून सांगता येत नाही. पाती मात्र लोक मुद्दाम मोडत, कारण पात्याचा मधला भाग सरळ असतो आणि खाचेत नीट बसतो, माथ्याकडचा जाडसर आणि शेंड्याकडचा वाकडा भाग अडचणीचा. म्हणून एका जागी मधले तुकडे खूप आणि तेही साधारण सारख्या लांबीचे मिळाले तर मुद्दाम मोडल्याचं म्हणायला आधार आहे. एकच मिळाला तर नाही.

दुसरी तूट उभी असते. घाव बसता क्षणीच छिलका माथ्यापासून खाली दुभंगतो. हातात येतो तो अर्धा माथा, अर्धा फुगवटा आणि एक सरळसोट उभी बाजू. त्या सरळ बाजूमुळे हा तुकडा चाकूसारखा दिसतो आणि लोक तो चाकू म्हणूनच आणतात. फुगवटा बरोबर मधून कापला गेलेला दिसला की समजायचं, हा घडवतानाचा अपघात.

तिसरी हातकुऱ्हाडीसारख्या दोन्ही अंगांनी घडवलेल्या हत्याराची. एका टोकावर घाव घातला की धक्का अंगभर जातो आणि ते दुसरीकडेच, मधोमध आडवं मोडतं. तुटक्या बाजूवर घावाची खूणच नसते, कारण घाव तिथे बसलाच नव्हता. अशा दोन्ही अर्ध्या एकाच जागी मिळाल्या आणि आजूबाजूला छिलके असतील तर ती घडवण्याची जागा.

आगीने फुटलेला दगड वेगळाच दिसतो. कॅल्सेडनीवर जाळीदार तडे, वाटीसारखे उथळ गोल खड्डे, पांढरट-राखी रंग, आणि तूट वेडीवाकडी. जुन्या चुलीतही फुटतो, आणि उसाचं पाचट पेटवलं तर शेतात वर पडलेली गारही तडकते. गोल खड्ड्याला टवक्याची खूण समजू नका. त्याला घावाची जागा नसते, तो मधूनच उडालेला असतो.

कडेवरच्या बारीक खाचांबद्दल एवढंच, की सलग, एकाच बाजूने, सारख्या मापाच्या असतील तर माणसाने काढल्या. तुटक तुटक, कधी या बाजूने कधी त्या बाजूने असतील तर पायाखाली आल्याने. वाडीच्या वाटेवर, गुरं उतरतात त्या घाटावर मिळालेल्या तुकड्याच्या खाचांवर मी विश्वास ठेवत नाही.

कुठला तुकडा कशाचा

हातकुऱ्हाडीचा शेंडा ओळखू येतो. दोन कडा एकमेकींकडे येतात, आडवा छेद मसुराच्या डाळीच्या आकाराचा, टवके दोन्ही अंगांनी. बूड फसवं असतं, कारण तिथे बरेचदा गोट्याची मूळ साल तशीच ठेवलेली असते. सगळे म्हणतात हा नुसता फुटका गोटा. गोटा वाटणाऱ्या तुकड्याच्या तुटक्या बाजूपाशी बघा, तिथे दोन्ही कडांना टवके सुरू होतात का. होत असतील तर ते बूड आहे.

फरशीचा शेंडा म्हणजे आडवी, रुंद, सरळ धार. ती धार दोन मोठ्या टवक्यांच्या भेटीने आपोआप तयार झालेली असते, तिच्यावर पुन्हा बारीक काम केलेलं नसतं. तुकड्यात ती धार उरली असेल तर फरशी म्हणा. नुसतं बूड उरलं असेल तर फरशी की हातकुऱ्हाड हे ठरवू नका, "दुतर्फा घडवलेल्या हत्याराचं बूड" लिहून मोकळे व्हा. तुटक रेषा इथे मुळीच ओढायची नाही.

आता सूक्ष्मास्त्रं, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथे होतो. चंद्रकोर हा प्रकार घ्या. एक कड सरळ आणि धारदार, दुसरी कमानीसारखी आणि मुद्दाम बोथट केलेली. बोथट कड म्हणजे जवळजवळ उभे, दाट, एकसारखे टवके. नखाने घासलं तर खरखर लागतं, कापत नाही. ही चंद्रकोर मधून मोडली की तिचं अर्धं दिसतं त्रिकोणी. आणि त्रिकोण हा सूक्ष्मास्त्रांचा स्वतंत्र प्रकार आहेच. मग कसं ठरवायचं? तिसरी बाजू बघायची. ती उभ्या टवक्यांनी बोथट केलेली असेल तर त्रिकोण, पुरा आणि शाबूत. ती सपाट, स्वच्छ मोडलेली असेल, कडेला ओठ असेल, तर तो चंद्रकोरीचा नाहीतर एक कड बोथट केलेल्या टोकदार पात्याचा तुकडा. नुसत्या या एका कसोटीने लोकांच्या डब्यातले निम्मे "त्रिकोण" बाद होतात, आणि ते नाराज होतात. इलाज नाही.

पात्याचा मधला तुकडा समांतर कडांनी ओळखायचा. पाठीवर एक धार असेल तर छेद त्रिकोणी, दोन असतील तर वर सपाट, चौकटीसारखा. पाठीच्या मधल्या धारेवर दोन्ही बाजूंनी आडवे छोटे टवके असतील तर ते गाभ्यावरून, म्हणजे ज्या दगडातून पाती काढतात त्यावरून, निघालेलं पहिलं पातं. सरळ पाती काढण्याआधी कारागीर गाभ्याच्या कडेला अशी दातेरी धार तयार करतो, ती धार पहिल्या पात्याबरोबर निघून येते. ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांवर ही पाती मिळतात. तुटून एक सेंटिमीटरचा तुकडा उरला तरी ओळखू येतो, आणि पाती तिथेच काढली जात होती हे सांगून जातो. लोक मात्र तो ओबडधोबड म्हणून टाकतात आणि शेजारचं गुळगुळीत पातं ठेवतात!

घासून गुळगुळीत केलेल्या कुऱ्हाडीचे टवके मिळतात. छिलक्याच्या पाठीवर घासलेली सपाटी आणि पोटावर ताजा फुगवटा, म्हणजे वापरताना कुऱ्हाडीचा उडालेला टवका. नदीने गुळगुळीत केलेल्या दगडाशी गल्लत नको. नदी सगळीकडे सारखी आणि गोलाकार घासते. माणूस घासतो तेव्हा सपाट पृष्ठं तयार होतात, ती एका रेषेत भेटतात, आणि भिंगाखाली एकाच दिशेचे समांतर ओरखडे दिसतात. भोक असलेल्या गोल दगडाचा अर्धा तुकडा मिळाला तर भोकाचा छेद पाहा. दोन्ही बाजूंनी कोरत आणलेलं भोक मध्ये अरुंद, दोन्हीकडे रुंद असतं. वरून खालपर्यंत सारखं गोल असेल तर लोखंडी पहारीचं किंवा छिद्रणयंत्राचं काम.

एक तुकडा, टेबलावर

प्रवरेकाठच्या एका उसाच्या शेतातून आलेला कॅल्सेडनीचा तुकडा समोर आहे. लांबी 14 मिलिमीटर, रुंदी 8, जाडी 3. रंग धुरकट पांढरा, उजेडासमोर धरला की आरपार दिसतो. पाठीवर दोन उभ्या धारा, म्हणजे छेद चौकटीचा. पोट गुळगुळीत, त्यावर अगदी पुसट लहरी. पोकळ बाजू खाली, म्हणून घावाची बाजू खाली धरली. खाली माथा नाही, सपाट तूट. वरही तूट, ओठ पाठीच्या कडेला. दोन्ही तुटींवर तोच दुधी थर, म्हणजे दोन्ही जुन्या. डावी कड उभ्या टवक्यांनी बोथट, टवके पोटाकडून पाठीकडे, सलग. उजवी कड धारदार, तिच्यावर दोन-तीन बारीक खाचा, त्यातली एक ताजी, चकचकीत. ती बहुधा शेतात पडली.

आणणाऱ्या मुलाचं म्हणणं चंद्रकोर. पण बोथट कड वाकत नाही, ती धारदार कडेला समांतर जाते. चंद्रकोरीची कड या मापात वाकायला हवी होती. म्हणून चिठ्ठीवर लिहिलं: एक कड बोथट केलेल्या पात्याचा मधला तुकडा, दोन्ही टोकांच्या तुटी जुन्या. रेखाटनात वर-खाली दोन-दोन मिलिमीटर तुटक रेषा. टोक निमुळतं होतं का, हे दाखवायला माझ्याकडे काही नाही.

आणि काळ? अशी पाती पुराश्मयुगाच्या शेवटी मिळतात, जळगाव जिल्ह्यातल्या पाटण्यासारख्या ठिकाणी. मध्याश्मयुगात मिळतात आणि ताम्रपाषाणयुगातही मिळतात. एका तुकड्यावरून काळ सांगणारा माणूस भेटला तर त्याला चहा पाजा आणि विषय बदला. मी त्या मुलाला विचारलं, खापरं होती का? होती, पण "मडक्याची काय घ्यायची" म्हणून ती त्याने तिथेच सोडली होती. पुन्हा जाऊन त्याने फक्त फोटो काढून आणले: पातळ, तांबूस, चांगली भाजलेली वाटणारी, वर काळ्या रंगाच्या भौमितिक रेघा. जोर्वे पद्धतीची खापरं अशीच असतात. आता ताम्रपाषाणयुगाची शक्यता लिहिता येते, कंसात, प्रश्नचिन्हासकट. इनामगावची वस्ती साधारण इसवी सनापूर्वी 1600 ते 700 मधली, त्या आसपासचा काळ.

उचलण्याआधी, उचलल्यानंतर

खरं म्हणजे उचलूच नका. जागेवर फोटो, शेजारी मोजपट्टी, मोबाइलवरचं ठिकाण, आणि तुकडा तिथेच. संरक्षित स्थळावरून खडासुद्धा हलवायचा नाही. आणि शोधासाठी खोदायचं तर कुठेच नाही, स्वतःच्या शेतातही नाही. हत्यार ज्या थरात आहे तो थर एकदा उकरला की पुन्हा रचता येत नाही. 1972च्या पुरातन वस्तू कायद्याने अशा वस्तूंची निर्यात बंद आहे आणि विक्रीचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. परदेशी राहणाऱ्या भाच्याला भेट म्हणून हातकुऱ्हाड द्यायचा विचार असेल तर आत्ताच सोडा.

नांगराच्या तासात वर आलेला, उद्या रोटाव्हेटरखाली जाणारा तुकडा कुणी उचललाच, तर चिठ्ठी हवी. गाव, गट नंबर, नदीपासून किती लांब, काळी माती की मुरूम की गोट्यांचा थर, तारीख, वर पडलेला की काठाच्या कापात अडकलेला. चिठ्ठी पिशवीत ठेवा, दगडावर मार्करने लिहू नका. प्रत्येक तुकड्याला वेगळी पिशवी. एकाच डब्यात खुळखुळत आणलेल्या दगडांच्या कडांवर डब्याच्याच खाचा पडलेल्या असतात. धुवायचंच असेल तर साधं पाणी आणि मऊ टूथब्रश, बस. तेल चोपडू नका, ते फोटोत छान दिसतं आणि भिंगाखाली सगळं बुजवतं.

दोन तुकडे जुळतात असं वाटलं तर जुळवून बघा, पण अलगद. कडेला कड घासली की जुळणीच पुसते. जुळले तर फेविक्विक लावू नका. मला दोन सुटे तुकडे हवे असतात, कारण आतल्या दोन्ही बाजू बघायच्या असतात.

फोटो पाठवायचा असेल तर कागदावर मोजपट्टी ठेवून, खिडकीचा उजेड डाव्या-वरच्या बाजूने येईल असा धरून, पाठ, पोट, एका कडेवरून आणि तुटकी बाजू, असे चार फोटो काढा. हातात धरून, बोटांनी अर्धा झाकलेला फोटो पाहून मी काही सांगत नाही. पुण्याचं डेक्कन कॉलेज किंवा राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाचं जवळचं कार्यालय, इथे दाखवायला जाल तेव्हा देखणे दगड निवडून नेऊ नका. सोबतचे बिनकामाचे वाटणारे छिलके, फुटके गाभे आणि खापरांचे जागेवरचे फोटो घेऊन जा, आणि चिठ्ठ्या पिशव्यांतून काढू नका.